न्हावा-शेव्याची पेटी आणि घोडबंदरचा ट्रक

न्हावा-शेवा बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात म्हशीचं मांस असतं. हाडं आणि गाठी काढलेलं, वजा १८ अंशांवर गोठवलेलं, रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये बंद केलेलं. हे मांस सहजासहजी पेटीत जात नाही. कापलेलं धड आधी किमान २४ तास दोन अंशांच्या वर ठेवून मुरवावं लागतं, आणि पाठीच्या स्नायूचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ च्या खाली उतरल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. हा नियम लाळ्या-खुरकुताच्या विषाणूसाठी केलेला आहे, कारण आम्लात तो टिकत नाही. पण त्याच आकड्यातून आणखीही काही कळतं. उपाशी, दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कापण्याआधीच संपलेलं असतं. मग पुरेसं आम्ल तयार होत नाही, पीएच ६ च्या वर अडकतो आणि मांस काळसर, घट्ट, कोरडं राहतं, लवकर नासतं. जनावराचे हाल झाले असतील तर निर्यातदाराच्या खिशाला चाट बसते, म्हणून तिथे ते मोजले जातात.

खाडीच्या वरच्या टोकाला, ठाण्यात, असं मोजमाप कुणीच करत नाही. राजस्थान आणि गुजरातचे बोकड अहमदाबाद महामार्गानं घोडबंदरला उतरतात, मध्य प्रदेशाचे कसाऱ्याचा घाट उतरून पडघ्याकडून येतात. अजमेरहून ठाणं हजारेक किलोमीटर. इतकं अंतर तोडून जनावर जिवंत, उभ्या उभ्या येतं. परदेशी जाणारं मांस आपण थंड पेटीत पाठवतो आणि आपल्या ताटात येणारं जनावर मात्र उन्हातून आणतो, ही विसंगती कुणाला बोचत नाही. जिवंत जनावरांच्या निर्यातीला माझा विरोध आहे. पण हा विरोध बंदराच्या धक्क्यावर संपत असेल, तर तो अर्धवट आहे. जनावराला सरहद्द कळत नाही. त्याला प्रवासाचे तास, दाटी आणि दमट उष्मा एवढंच कळतं.

जगात या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत कायदे बदलले, ते जहाजांवरच्या घटनांमुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘अवासी एक्सप्रेस’ हे जहाज ऑस्ट्रेलियातून आखाताकडे गेलं. त्या एका फेरीत सुमारे २,४०० मेंढ्या उष्म्यानं मेल्या, आणि पुढच्या वर्षी त्याचं चित्रीकरण लोकांनी टीव्हीवर पाहिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘क्वीन हिंद’ रुमानियाच्या मिदिया बंदराबाहेर कलंडलं. त्यावर १४,००० हून अधिक मेंढ्या होत्या, वाचल्या त्या दोनशेच्या आत. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनला निघालेलं ‘गल्फ लाइव्हस्टॉक १’ जपानजवळ वादळात बुडालं. ४३ पैकी ४१ खलाशी आणि जवळपास सहा हजार गाई गेल्या. न्यूझीलंडनं ३० एप्रिल २०२३ पासून जनावरांची समुद्रमार्गे निर्यात बंद केली. ब्रिटननं मे २०२४ मध्ये बंदीचा कायदा केला. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची समुद्री निर्यात १ मे २०२८ पासून थांबणार आहे. गाईगुरांची मात्र चालूच राहील.

बुडण्याच्या घटना मोठ्या दिसतात, पण जहाजावरचा नेहमीचा शत्रू दमट उष्मा. मेंढी अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून, श्वासातल्या वाफेवाटे बाहेर टाकते. हवेतच ओल भरलेली असेल तर ती वाफ उडत नाही. मग तिचा श्वास मिनिटाला शंभराच्या पुढे जातो, तोंड उघडतं, मान पुढे ताणली जाते, जीभ बाहेर येते. त्या अवस्थेत सावली असली तरी उपयोग होत नाही. हलती हवा आणि पाणीच हवं. बंद डेकवर खालचं शेण-मूत चिखलासारखं पातळ होतं, अमोनियानं डोळे चुरचुरतात आणि एखादा पंखा बंद पडला तर त्या कोपऱ्यातली जनावरं आधी जातात. आखाताची ऑगस्टमधली हवा आणि ठाण्याची मे अखेरची हवा यांत ओलीचा गुण सारखाच आहे. म्हणून त्या जहाजाची गोष्ट आपल्याला परकी नाही.

आपल्याकडे हा वाद दोनदा पेटला. जून २०१८ मध्ये नागपूर विमानतळावरून शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवण्याचा बेत होता. जैन समाजाच्या विरोधानंतर तो थांबला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरात सरकारनं कच्छमधल्या तुणा बंदरातून होणारी निर्यात बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पुढे जून २०२३ मध्ये केंद्रानं पशुधन आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदा मांडला आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेतला. दोन्ही वेळा विरोध करणाऱ्यांना विजय मिळाल्यासारखं वाटलं. पण विमानात न चढलेली शेळी कळपात म्हातारी होत नाही, ती ट्रकमध्ये चढते. त्या ट्रकचं काय, हे विचारायला मग कुणी उरत नाही. दुसऱ्या बाजूनं धनगर आणि पशुपालकांच्या भावाचा मुद्दा मांडला गेला, तो खराच आहे. दुष्काळात विकायला कळपाशिवाय त्यांच्याकडे काही नसतं. मात्र चांगला भाव जनावर जिवंत पाठवल्यावरच मिळतो, हे गृहीत धरायचं कारण नाही. म्हशीच्या मांसाची सगळी निर्यात त्याचा पुरावा आहे.

आता ट्रककडे येऊ. सगळ्या हालांचं मूळ एका हिशोबात आहे. ट्रकचं भाडं फेरीवर ठरतं, डोक्यावर ठरत नाही. तिथे २५ ऐवजी ५० बोकड भरले की प्रत्येकी भाडं निम्मं होतं, आणि वाटेत दोन मेले तरी व्यापारी फायद्यातच राहतो. ही दाटी कायद्याला मान्य नाही. १९७८ चे जनावर वाहतुकीचे नियम साडेचार-पाच टनी गाडीत जास्तीत जास्त ४० शेळ्या-मेंढ्या आणि कोणत्याही मालवाहू ट्रकमध्ये जास्तीत जास्त सहा गुरं नेऊ देतात. मोटार वाहन नियमांत १ जानेवारी २०१६ पासून याहून नेमकं माप आलं: शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर, गाय-म्हशीला २ चौरस मीटर. १४ फूट लांब, ६ फूट रुंद हौद्याचं क्षेत्रफळ होतं ७.८ चौरस मीटर, म्हणजे २६ बोकड. नऊ बाय साडेपाच फुटांच्या पिकअपमध्ये १५. त्यावर एकही नको.

इथे तपासणीची एक मोठी फट आहे. रस्त्यावर गाडी जास्त भरली आहे की नाही, हे वजनकाट्यावर ठरवलं जातं. तीस किलोचे ६० बोकड म्हणजे १.८ टन. चार-पाच टनी गाडी या वजनावर निर्धास्त पास होते. वजनात ती कायदेशीर असते आणि जागेत दुपटीहून जास्त भरलेली असते. खडी-सिमेंटसाठी केलेली मोजणी जिवंत मालाला लावली की असंच होणार. जनावरांच्या गाडीला काटा नको, मापाची टेप लागते.

दाटीत नेमकं काय बिघडतं? ट्रक ब्रेक मारतो, जनावर घसरतं, खाली पडतं आणि उठायला जागा नसल्यामुळे उठतच नाही. वरून बाकीच्यांचे खूर पडत राहतात. याचा अर्थ गाडी फार सैल भरणं चांगलं, असाही नाही. मोकळ्या हौद्यात वळणावर सगळा कळप एका बाजूला जाऊन आदळतो. म्हणून नियमात लांब गाडीला दर दोन-तीन मीटरवर आडवी फळी सांगितली आहे. तळाला किमान पाच सेंटीमीटर पेंढा हवा. लोखंडी पत्र्यावर मूत सांडलं की खूर टिकत नाही. बोकड आणि माद्या एका खणात नकोत. पाय बांधायचे नाहीत. आजारी, लंगडं, आंधळं, नुकतंच जन्मलेलं किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेलं जनावर गाडीत चढवायचंच नाही, आणि प्रवासयोग्यतेचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. प्रत्यक्षात फळ्यांचा माळा ठोकून दोन मजले करतात. खालच्या बोकडाला मान वर करता येत नाही, वरच्यांचं मूत त्याच्या अंगावर गळतं आणि वाऱ्याला वाट राहत नाही.

चढवणं-उतरवणं हा वेगळाच छळ आहे. फाळका जमिनीपासून तीन-चार फूट उंच असतो. चढायची फळीच नसल्यामुळे बोकडाला शिंग, कान किंवा पाय धरून वर फेकतात, उतरवताना खाली ओढतात. मांडीवरचे आणि पाठीवरचे मुके मार कातडी काढल्यावरच दिसतात, तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो न करण्याचा राग येतो. वीस अंशांपेक्षा कमी चढाची फळी, तिच्यावर दर २०-३० सेंटीमीटरला आडव्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी आरपार न दिसणाऱ्या कडा. शेळी पुढच्या शेळीच्या मागे जाते. एक चढली की बाकीच्या स्वतःहून चढतात. ती अडते ती सावलीच्या पट्ट्यामुळे, फडफडणाऱ्या ताडपत्रीमुळे किंवा समोरच्या अंधारामुळे. काठी मारून ती अडचण जात नाही. ताडपत्री बांधावी, आत दिवा लावावा.

ठाण्याची स्वतःची भर इथेच पडते. जड वाहनांना शहरात ठरावीक वेळेतच प्रवेश आहे. ही बंदी वाहतुकीसाठी गरजेची आहे, याबद्दल वाद नाही. पण बंदीच्या वेळेत पोचलेला जनावरांचा ट्रक रस्त्याच्या कडेला उन्हात उभा राहतो. चालत्या गाडीत निदान वारा लागतो. उभ्या गाडीत पन्नास जनावरांच्या अंगाची उष्णता आणि श्वासाची वाफ तिथेच कोंडते, आणि हजार किलोमीटर तग धरलेला बोकड शेवटच्या वीस किलोमीटरवर मरतो. दाखला बरोबर असलेल्या आणि मापात भरलेल्या जनावरांच्या गाडीला दूध-भाजीच्या गाडीसारखी वेळेची सूट मिळाली पाहिजे. नियम पाळणाऱ्याला रांगेतून सुटका मिळाली, तर नियम पाळण्याला काही किंमत येईल.

दुसरी गरज थांब्याची. अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या आसपास एक आणि नाशिक महामार्गावर शहापूर-पडघ्याच्या टप्प्यात एक. २००१ च्या कत्तलखाना नियमांत विसाव्याच्या जागेत लहान जनावराला १.६ चौरस मीटर जागा सांगितली आहे. तेच माप घेतलं तर ४० बोकडांच्या गाडीला ६४ चौरस मीटर सावली लागते. दर बोकडाला पाच लिटर धरलं तर २०० लिटर पाणी. एक उतरंडीची फळी, एक पशुवैद्यक, आजाऱ्यांसाठी वेगळा खण. एवढ्यावर हे काम होतं. पाणी देताना आधी गूळ-मीठ घातलेलं, थोडं थोडं. मग कडबा किंवा हरभऱ्याचा भुसा. धान्य मुळीच नको, कारण रिकाम्या पोटात अचानक धान्य गेलं की आम्लता होते, पोट फुगतं आणि जनावर दुसऱ्या दिवशी आडवं होतं. हीच चूक ईदच्या आधी इमारतींच्या पार्किंगमध्ये होते. मुंब्रा, राबोडी, भिवंडीत घरची मुलं बोकडाला मायेनं चपाती, भात, भिजवलेले चणे भरवतात आणि नेमक्या त्या लाडानं तो आजारी पडतो. पहिले २४ तास फक्त पाणी आणि सुका चारा, एवढं प्रत्येक विक्रेत्यानं सांगितलं पाहिजे. टाइल्सच्या फरशीवर गोणपाट टाकावं, दोर इतका लांब ठेवावा की त्याला बसता येईल.

कुर्बानीबद्दल बोलताना धर्म आणि प्राण्यांची काळजी यांत नेहमी विरोधच गृहीत धरला जातो. लंगडं, आंधळं, खंगलेलं जनावर कुर्बानीला चालत नाही. सुरी धारदार हवी, ती जनावरासमोर पाजळू नये, एका जनावरादेखत दुसरं कापू नये, अशी इस्लामी परंपरेची शिकवण आहे. २००१ च्या नियमांतही एका जनावरादेखत दुसरं कापायला मनाई आहे. म्हणजे धर्म आणि कायदा इथे एकाच बाजूला आहेत, आड येतो तो वाहतुकीचा हिशोब. म्हणून रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या टोळक्यांना प्राणीप्रेमाचं नाव देणं मला मान्य नाही. ते टेप घेऊन येत नाहीत, पाणी घेऊन येत नाहीत. नावं विचारतात. गाडी पोलीस ठाण्यासमोर तासन्‌तास उभी राहते आणि आतली जनावरं तशीच कोंडलेली राहतात. हे काम मोटार वाहन निरीक्षक, पोलीस आणि पशुसंवर्धन खात्याचं आहे. जप्तीआधी जनावरं कुठे उतरवायची, हे ठरलेलं असलं पाहिजे.

दंडाचंही बोलायला हवं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तो वाढवण्याचा मसुदा केंद्रानं नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला, पण कायदा बदलला नाही. ५० रुपयांत आज दोन वडापाव येतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ च्या, जल्लीकट्टूवरच्या नागराज निकालात भूक-तहान, त्रास, वेदना, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक हे जनावरांचे हक्क मानले. पण त्या हक्कांची किंमत कायद्याच्या पुस्तकात अजून पन्नास रुपयेच आहे.

कोंबडीबद्दल थोडक्यात. चाळीसेक दिवसांची, दोन किलोची ब्रॉयलर कोंबडी स्कूटरच्या हँडलला उलटी लटकलेली रोज दिसते. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, नसतं. उलटं धरलं की आतड्यांचा भार थेट हवेच्या पिशव्यांवर येतो आणि ती गुदमरते. क्रेट वापरावा. दुकानात मान कापून तडफडती कोंबडी पिंपात टाकण्याऐवजी पत्र्याचा शंकूच्या आकाराचा कोन वापरावा आणि रक्त पूर्ण वाहून जाईपर्यंत तिला गरम पाण्यात घालू नये. कोनाला फारसा खर्च नाही, दुकानदारांनी हे आजही करता येण्यासारखं आहे.

मांस न खाणाऱ्यांनी मात्र हा विषय आपला नाही, असं समजू नये. कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांतून ठाण्यात येणारं म्हशीचं दूध याच साखळीतलं आहे. काळी कातडी आणि कमी घामग्रंथी यांमुळे म्हशीला उष्मा सोसत नाही. तिला डुंबायला पाणी हवं, निदान दिवसातून दोनदा अंगावर मारायला तरी हवं. तबेल्यात ती आखूड दाव्यावर सिमेंटवर उभी असते. दूध विकायचं म्हणून रेडकाला पुरेसं पाजत नाहीत, नर असेल तर मुळीच नाही, आणि ते काही आठवड्यांत मरतं. रेडकू गेलं की म्हैस पान्हवत नाही, मग ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन येतं. क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमात दूध वाढवण्यासाठीचं असं इंजेक्शन गुन्हा आहे. म्हैस भाकड झाली की सांभाळायला जागा नसते आणि तिचीही रवानगी ट्रकमध्येच होते. दूध पिणारा या सगळ्याचा गिऱ्हाईक आहे. डेअरीवाल्याला भाकड म्हशी आणि रेडकं कुठे जातात, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे, आणि तो त्यानं बजावला पाहिजे.

उरतो तो रोजच्या मटणाचा प्रश्न. कुर्बानीला जिवंत जनावर लागतं, रविवारच्या रश्श्याला लागत नाही. नाशिक, नगर, धुळे भागात जनावर कापून धड चार अंशांपर्यंत थंड करून रीफर गाडीनं रात्रीत ठाण्याला आणता येतं. एका गाडीत उभ्या जनावरांपेक्षा टांगलेली धडं कितीतरी जास्त मावतात, आणि वाटेत वजनही घटत नाही. जिवंत बोकड लांबच्या प्रवासात दहा टक्क्यांच्या आसपास वजन गमावू शकतो. ‘ताजं हवं’ हा आक्षेप सवयीचा आहे. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, त्या वेळचं मटण चिवट शिजतं. चोवीस तास थंडीत मुरलेलं मऊ लागतं.

दुसरा आक्षेप खरा आणि अवघड आहे. गिऱ्हाईक डोळ्यांदेखत जनावर बघून घेतं, कारण बोकडाच्या नावाखाली दुसरं काही गळ्यात पडेल अशी त्याला भीती असते. यासाठी प्रत्येक धडावर पशुवैद्यकाचा शिक्का, तारीख आणि कापण्याचं ठिकाण हवं. आणि तो शिक्का खाटकानं दुकानात शेवटच्या तुकड्यापर्यंत दिसेल असा टांगला पाहिजे. वजरी, मुंडी, पाया, कलेजी यांवर छोट्या खाटकाचा बराच धंदा चालतो. ते धडाबरोबरच, वेगळ्या डब्यात, त्याच रात्री आलं नाही तर हा बदल त्याच्या पोटावर पाय देईल आणि तो विरोध करेल, योग्यच करेल. त्याला थंड कपाट घ्यायला कर्ज आणि वीजदरात सवलत द्यावी लागेल. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडी या चार महापालिकांनी एकत्र निविदा काढली तर रीफर गाड्यांचा खर्च विभागला जाईल.

याला वेळ लागेल. थांबे आणि टेपनं तपासणी यांना तेवढा लागत नाही. २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यात येते, म्हणजे जनावरांची सगळ्यात मोठी वाहतूक एप्रिलच्या शेवटापासून ऐन उष्म्यात होणार. मनोर आणि पडघ्याला सावली, पाणी आणि फळी मार्चअखेर तयार हवी. घोडबंदरच्या वेळेच्या बंदीतून सूट देणारी अधिसूचना त्याआधी निघायला हवी, आणि नाक्यावरच्या निरीक्षकाच्या हातात टेप आणि ०.३ नं भागून काढलेला तक्ता असायला हवा.